ओला कचरा घरी जिरवताय? मग या चुका टाळा

पावसाळा लागला की मला फोन सुरू होतात. खताच्या डब्याला वास मारतोय. अळ्या झाल्यात. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकलाय. प्रत्येकाला वाटतं आपलंच प्रकरण जगावेगळं. मी एवढंच विचारतो, "सुकं किती घालता?" पलीकडे जरा वेळ शांतता, मग येतं, "सुकं म्हणजे?"

पुण्यात घरोघरी डबे आले, गच्चीवर बागा फुलल्या, पण या एका प्रश्नाशी लोक अजून अडखळतात. म्हणून आधी तेच.

नुसतं ओलं ओतत राहणं

भाजीची देठं, दुधीच्या साली, कलिंगडाच्या फोडी यांत ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असतं. वर नायट्रोजन भरपूर. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नायट्रोजनमागे साधारण २५ ते ३० भाग कार्बन लागतो, आणि तो सुक्या पानांतून, भुशातून, पुठ्ठ्यातून येतो. तो नसला की जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो. शिवाय गच्च भिजलेल्या लगद्यात हवा शिरत नाही, मग हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं फावतं. काकूंच्या खिडकीत जातो तो यांचा वास.

वास कसला आहे ते नीट हुंगून बघा, लाजू नका. मुतारीसारखा झोंबणारा असेल तर सुकं कमी पडलंय. नासक्या अंड्यासारखा असेल तर हवा कोंडलीय. खुरप्यानं तळापर्यंत उलथायचं आणि उलथताना सुकं मिसळायचं. वरून सुक्याचा थर पसरून झाकण लावलं की काम झालं असं समजणारे पुष्कळ आहेत. खालचा चिखल तसाच राहतो.

माझा हिशोब ढोबळ आहे. जेवढं ओलं, तेवढाच चुरलेला पाला, वजनानं नव्हे, आकारमानानं. पावसात दीडपट. मग मूठभर माल घेऊन दाबायचा: बोटांच्या फटीत एखाददुसरा थेंब दिसला तर ठीक, धार लागली तर अजून पाला, आणि मूठ उघडल्यावर सगळं भुरभुरलं तर पाण्याचा हबका. वजनकाटा घेऊन बसणारे, वहीत आकडे लिहिणारे मला भेटलेत. त्यांचे डबे काही वेगळे चालत नाहीत.

आता सुकं कुठून आणायचं? इथं माझं डोकं फिरतं. फेब्रुवारी ते एप्रिल पुण्याच्या रस्त्यांवर पानांचे ढीग पडलेले असतात, कुणीतरी ते कोपऱ्यात लोटून काडी लावतं, आणि त्याच रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटा ऑनलाइन मागवल्या जातात. कोकोपीट वाईट नाही. पाणी झकास शोषतं, पण शोषलेलं धरूनही ठेवतं, आणि त्यात पानांसारखी पोकळी राहत नाही. एकट्या कोकोपीटवर चालवलेला डबा जुलैत ओल्या पोळीच्या कणकेसारखा बसतो. पाला जमवा. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं सगळ्यांत उत्तम, चुरावीही लागत नाहीत. पिंपळ, सोनमोहोर चालतं. आंबा आणि फणसाची पानं चामट, ती पोत्यात घालून पायानं तुडवून घ्यावी लागतात. उन्हाळ्यात पोती भरून कोरड्या जागी ठेवायची म्हणजे पाऊसभर पुरतात. आमच्या गॅलरीत मे महिन्यात चालायला जागा नसते, घरचे बोलतात, मी ऐकून घेतो. ज्यांच्या दारात झाड नाही त्यांच्यासाठी पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा उपक्रम आहे: ज्यांच्याकडे पानं जास्त त्यांची, ज्यांना हवीत त्यांच्याशी गाठ घालून देतात.

सुताराकडचा भुसा आणणार असाल तर लाकडाचाच आणा. प्लायवूड आणि एमडीएफच्या (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्यांच्या) भुशात डिंक-रसायनं असतात. आणि भुसा थोडाच, कारण त्यात कार्बन इतका जास्त की ढीग थंड पडतो, कुजणं मंदावतं.

चोवीस तासांत खत

ही दुसरी चूक माणसं एकेकटी करत नाहीत, कमिटीच्या मीटिंगमध्ये ठराव करून करतात.

२०१६ च्या घनकचरा नियमांत दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, असं आलं. त्यानंतर 'चोवीस तासांत खत' म्हणत मशीन विकणाऱ्यांची चलती झाली. सिंहगड रोडकडच्या एका मोठ्या सोसायटीनं असंच एक मशीन घेतलं. विकणाऱ्यानं डेमोत सकाळी कचरा टाकला, दुसऱ्या दिवशी सकाळी तपकिरी भुकटी काढली, चेअरमननी ती हातावर घेतली, वास नाही, खूश. भुकटीची पोती साठली. उन्हाळ्यात सभासदांना पिशव्या भरभरून वाटल्या, आणि फुकटचं मिळतंय म्हणून लोकांनी निम्म्या-निम्म्या कुंड्या त्यानंच भरल्या.

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुंड्यांवर पांढरी बुरशी आली. मग वास. मग माश्या. तुळशी माना टाकून बसल्या. ग्रुपवर आधी माळ्याला दोष दिला गेला, मग पाण्याच्या टँकरला. मला बोलावलं तेव्हा एका ताईंनी जास्वंदाची कुंडी उलथून दाखवली: आत भुकटीचा चिकट गोळा, हात घातला तर गरम, आणि मुळं काळी पडलेली.

झालं होतं ते साधं. त्या मशीनमध्ये हीटर आणि पाती असतात. कचरा बारीक होतो, तापतो, त्यातलं पाणी उडून जातं. तो वाळतो, कुजत मात्र नाही. वाळलेल्या कचऱ्यात पाणी शिरलं की खरं कुजणं तिथून सुरू होतं, आणि ते कुंडीत सुरू झालं तर जिवाणू मातीतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन दोन्ही ओढून घेतात. झाड बिचारं उपाशी आणि गुदमरलेलं. एवढ्यासाठी महिन्याचं वीजबिल वेगळं.

उपाय सापडला तो पार्किंगमागच्या दोन जुन्या विटांच्या हौदांत, ज्यांत तुटक्या कुंड्या आणि कुणाची तरी सायकल पडली होती. हौद रिकामे केले, भुकटी आणि पाला थरावर थर देऊन भरली, पाणी मारलं, आणि विसरून गेलो. दिवाळीपर्यंत सोनं झालं. मशीन अजून आहे, त्यावर ताडपत्री आहे.

सगळीच मशीनं अशी नसतात. काहींमध्ये कचरा फक्त बारीक होतो, भुसा आणि कल्चर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची पूड) मिसळलं जातं, आणि मग माल क्रेटमध्ये मुरायला ठेवतात. विकणारा 'मुरायला किती दिवस' याचं उत्तर देत असेल तर त्याच्याशी पुढं बोला. आणि तयार खत कुठूनही आलेलं असो, वापरण्याआधी मूठभर घेऊन ओलसर करा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, आठवडाभर ठेवून पिशवी उघडा. मातीचा वास आला तर वापरा. नाकाला रुमाल लागला तर परत ढिगात.

हीच घाई घरच्या डब्यातही दिसते. लोक रोज उकरून बघतात, पंधराव्या दिवशी विचारतात "झालं का?" डबा भरल्यावर दोन ते तीन महिने द्या. त्यासाठी दोन डबे ठेवा, एक भरायला, एक मुरायला. एकाच डब्यात वरून टाकत राहिलात तर खत कधीच तयार होणार नाही, कारण वरचा थर कायम कच्चाच राहतो. कल्चरच्या पुड्या हव्या तर एकदा आणा. पुढच्या प्रत्येक वेळी जुनं खत मूठभर, जमलं तर थोडं आंबट ताक, बास. दर महिन्याला पुडी विकत घेणाऱ्यांना मी काही बोलत नाही, कुणाचं तरी घर चालतं.

अळ्या बघून फिनेल ओतणं

करड्या-तपकिरी, चपट्या, जाडसर अळ्या दिसल्या तर त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या. चावत नाहीत, आणि त्यांची मोठी माशी घरातल्या अन्नावर येऊन बसत नाही. कचऱ्याचा फडशा पाडतात. फार झाल्या म्हणजे ओल जास्त आहे, पाला वाढवा, त्या आपोआप कमी होतात. नको असतील तर वेचून बाहेर ठेवा, पक्षी न्याहारी करतील. फिनेल किंवा कीटकनाशक मारलंत की अळ्यांबरोबर कामाचे जिवाणूही गेले, आणि ते खत भाजीला घालायची तुमचीच छाती होणार नाही. चिलटं झाली असतील तर ताज्या साली उघड्या सोडताय. वरून पाला, त्यावर चिमूटभर निंबोळी पेंड.

बाकीच्या, भराभर

डब्याला तळाशी भोकं नसणं. खाली साचलेलं काळं पाणी एकाला किमान दहा भाग साधं पाणी घालून मगच झाडाला, नाहीतर ड्रेनमध्ये.

आंब्याच्या कोयी, करवंट्या, कणसांची बुरकुंडं. कुजतील, पण तुम्ही घर बदलाल तोवर. कोयी मी वाळवून पाल्याबरोबर मोठ्या हौदात टाकतो, डब्यात नाही.

तेलकट रस्सा, लोणच्याचा खार, मटणाची हाडं. उरलेली पोळी-भात चालतो, पण कुस्करून आणि दुप्पट सुक्यासह.

'कंपोस्टेबल' लिहिलेल्या पिशव्या. त्या औद्योगिक प्रकल्पातल्या उष्णतेत विरघळतात, तुमच्या बादलीत नाही. टी-बॅगचंही तसंच, आतला चहा डब्यात घाला, पिशवी सुक्या कचऱ्यात टाका.

गणपतीतलं निर्माल्य दोऱ्यासकट टाकणं. हारांचे दोरे आता बहुतेक नायलॉनचे असतात, आणि सहा महिन्यांनी खुरप्याला गुंडाळून वर येतात. दूर्वांच्या जुड्यांचे रबर, टिकल्या, चमकी आधी काढा.

गच्चीवर उन्हात गांडुळांचा डबा. पस्तीस अंशांपुढे गांडुळं तगत नाहीत, आणि एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. सावली आणि ओलं गोणपाट जमणार नसेल तर गांडुळांच्या वाटेला जाऊ नका, साधा डबा पुरे.

करसवलतीसाठी बांधून सोडलेले पिट, म्हणजे गांडूळखताचे खड्डे. पुणे महापालिका गांडूळखत, सौर आणि पर्जन्यजल योजनांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट देते. पिट बांधला, फोटो काढला, अर्ज केला, आणि वर्षानं बघावं तर त्यात मांजर व्यालेली.

आणि एक ऐकून कान किटले आहेत: "आमचा ओला कचरा घरीच जिरतो, मग स्वच्छच्या ताईंना दरमहा पैसे का द्यायचे?" स्वच्छ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, महापालिकेबरोबरच्या करारानं २००८ पासून दारोदार येतेय, आणि तुमचा सुका कचरा, सॅनिटरी पॅड, फुटक्या काचा त्याच नेतात. डबा ठेवल्यानं त्या कामाचे पैसे माफ होत नाहीत. उलट तुमच्याकडून एवढी तरी अपेक्षा आहे की पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळं द्याल, आणि ज्या दिवशी डबा भरलेला असेल त्या दिवशी ओला कचरा पिशवीची गाठ मारून न देता सुटाच बादलीतून ओताल. ती गाठ त्यांना हातानं फाडावी लागते.

गावाला जाताना डबा शेजाऱ्यांच्या गळ्यात घालू नका. शेवटचं ओलं घालून नीट मिसळा, वर चार बोटं जाड पाला, झाकण लावा आणि जा. परत आल्यावर कोरडं वाटलं तर पाण्यात थोडं ताक ढवळून शिंपडायचं आणि उलथायचं.