ओपिऑइडची पहिली चिठ्ठी लिहिण्याआधी

जुनाट कंबरदुखीच्या किंवा नसदुखीच्या रुग्णाला ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल किंवा मॉर्फिनसारखं ओपिऑइड, म्हणजे अफूच्या गटातलं, सवय लावू शकणारं वेदनाशामक, द्यायचं ठरलं, की गैरवापराचा धोका आधी तपासा. आणि सगळ्यांचाच तपासा. चेहऱ्यावरून निवडून प्रश्न विचारले तर एक माणूस उगाच दुखावतो, दुसरा निसटतो.

अपॉइंटमेंट देतानाच सांगा, "घरात असतील तेवढ्या गोळ्या आणि बिलं घेऊन या." पिशवी टेबलावर रिकामी केली की बरंच कळतं. एक बिल दादरच्या केमिस्टचं, चारच दिवसांनी दुसरं नालासोपाऱ्याचं, डॉक्टर वेगळे, औषध तेच. मध्येच झोपेच्या अल्प्राझोलामची अर्धी स्ट्रिप. ही गोळी आणि ओपिऑइड एकत्र पोटात गेलं तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, म्हणून आधी तिचा निकाल लावा. झोपेत श्वास अडकतो का, किडनी कशी आहे, हेही लगेच विचारा.

मग नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवा. सुनेसमोर सासरे दारूचं खरं बोलत नाहीत. "दारू पिता का?" पेक्षा "क्वार्टर किती दिवस पुरते?" असं सहज विचारा. खोकल्याचं कोडीनवालं औषध, घरातल्या कुणाचं व्यसन, नैराश्य, बायपोलर, सगळं ओघात येऊ द्या. गैरवापराचा धोका मोजणाऱ्या ओपिऑइड रिस्क टूलची 2019 ची सुधारित प्रश्नावली छापून ठेवा. तिच्यात नऊ प्रश्न, प्रत्येकाला एक गुण. 3 किंवा जास्त आले तर धोका जास्त. जुन्या प्रश्नावलीतला बालपणीच्या लैंगिक अत्याचाराचा प्रश्न यात नाही, हे मला फार बरं वाटतं.

गुण जास्त आले म्हणून वेदनेने कळवळणाऱ्याला परत पाठवू नका. गोळ्या आठवड्यापुरत्याच द्या, डॉक्टर एक, केमिस्ट एक, डबा घरच्या भरवशाच्या माणसाकडे. मानसोपचारतज्ज्ञांनाही सोबत घ्या. अंगात कोणती औषधं आहेत हे पाहणारी लघवीची तपासणी सांगण्याआधी लॅबला फोन करा, कारण साध्या किटमध्ये ट्रामाडॉल आणि फेंटॅनिल सापडत नाहीत. 2018 पासून ट्रामाडॉलही एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तेव्हा डोस आणि गोळ्यांची संख्या अक्षरी लिहा, प्रत ठेवा.

कसाऱ्याहून येणाऱ्याचा दर आठवड्याला एक रोज बुडतो. त्याच्यासाठी गोळ्यांची मोजणी व्हिडिओ कॉलवर ठरवा. मुदतीआधी गोळ्या संपल्या, तर पहिला प्रश्न हाच: "दुखणं थांबतंय का?"