सेकंड हँड डीएसएलआर घ्यायचाय? टॉर्च घेऊन बोरा बाजारात या

भाच्याची बारावी झाली आणि ताईचा फोन आला, याला कॅमेरा पाहिजे म्हणतोय, तू जा बाबा बरोबर, मला त्यातलं काही कळत नाही आणि त्याला वाटतं त्याला सगळं कळतं. बजेट पस्तीस हजार, एक रुपया वर नाही. तर त्या दिवशी जे जे केलं आणि आधीच्या दोन-तीन खरेद्यांत जे चुकलो ते सगळं एकदाच लिहून टाकतो, कारण दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच.

आधी एक गोष्ट, आत्ताच्या घडीला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) नवा घ्यायचा की जुना? माझं मत स्पष्ट आहे, जुना. 2020 नंतर कॅनन आणि निकॉन दोघांनीही एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही, सगळा जोर मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आहे, त्यामुळे लग्नाचे फोटोग्राफर आणि हौशी मंडळी आपापले डीएसएलआर विकून तिकडे चाललेत आणि एकेकाळी साठ-सत्तर हजारांना मिळणाऱ्या बॉड्या (लेन्सशिवाय नुसते कॅमेरे) आता निम्म्यात मिळतात. फोटो काही निम्मा येत नाही. नव्यात एवढ्या बजेटला जेमतेम अगदी खालचं मॉडेल येतं, तेवढ्यात जुना घेतला तर दोन पायऱ्या वरचा येतो.

भाच्याने यूट्यूब बघून निकॉन डी3500 ठरवून ठेवला होता. वाईट नाही तो, हलका आहे, फोटो छान येतात. पण एक अडचण आहे जी दुकानदार कधीच आपणहून सांगत नाही. डी3500, डी5600 या बॉड्यांमध्ये फोकसची मोटर नसते, त्यामुळे निकॉनच्या जुन्या 'डी' वाल्या लेन्स लावल्या की हाताने फोकस फिरवत बसायचं. 50 एमएम 1.8 डी ही बाजारात मिळणारी सगळ्यात स्वस्त आणि मस्त लेन्स, ती या बॉड्यांवर अशी अर्धी वाया जाते, मग जिच्यात स्वतःची मोटर असते ती 'जी' वाली घ्यावी लागते आणि ती महाग. डी7200 मध्ये मोटर आहे. 2015 चं मॉडेल, 24 मेगापिक्सेल, दोन कार्ड स्लॉट, आणि डोळ्याला लावून बघा म्हणजे कळेल, व्ह्यूफाइंडर मोठा आणि उजेडाचा, त्यानंतर डी3500 चा बघितला की बोगद्यातून बघितल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे नंतर आलेल्या डी7500 मध्ये त्यांनी एक कार्ड स्लॉट काढून टाकला, म्हणजे नवा तो चांगला असं दरवेळी नसतं. कॅनन घेणार असाल तर मोटरचा हा घोळ नाही, ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते, फक्त ईएफ-एस लेन्स पुढे कधी फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फोटो टिपणाऱ्या मोठ्या चिपच्या कॅमेऱ्याकडे) गेलात तर बसणार नाहीत एवढं डोक्यात ठेवा. कॅनन भारी की निकॉन भारी या वादात मी पडत नाही, ज्याची लेन्स मित्राकडून उसनी मिळते ती कंपनी भारी.

बॉडीवर कमी आणि लेन्सवर जास्त पैसे घाला हे सगळेच सांगतात आणि कोणीच करत नाही.

आता बाजार. मुंबईत सीएसएमटीला उतरायचं, सबवेतून डी. एन. रोडच्या बाजूला बाहेर, आणि मागच्या बोरा बाजारच्या गल्ल्यांत शिरायचं. वर जुन्या इमारती, खाली हातगाड्या, आणि कॅमेऱ्याची दुकानं काही रस्त्यावर तर काही लाकडी जिन्याने वर पहिल्या माळ्यावर. रविवारी जाऊ नका, फोर्टात बहुतेक बंद असतं. शनिवारी दुपारी गर्दी असते, दुकानदाराला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो आणि तुम्हाला नीट तपासू देणार नाही. मधल्या वारी सकाळी अकरा-साडेअकराला जा, नुकतं शटर वर झालेलं असतं, अगरबत्ती लागलेली असते आणि बोहनीचं गिऱ्हाईक परत पाठवायला कोणाच्या जिवावर येतं.

जाताना काय न्यायचं: स्वतःचं एसडी कार्ड, एक पांढरा कोरा कागद, शाळेतली पट्टी, आणि मोबाइल चार्ज केलेला, कारण टॉर्च लागणार आहे. शक्य असेल तर लॅपटॉप.

कॅमेरा हातात आला की पहिल्यांदा फोटो काढत सुटू नका. तळ बघा. ट्रायपॉडच्या भोकाभोवती घासलेलं आहे का, स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे आहेत का (असले तर कोणीतरी उघडलाय), अंगठ्याखालचं रबर फुगलंय किंवा सुटलंय का. हॉट शूचा (वर फ्लॅश बसवायच्या खाचेचा) रंग पूर्ण उडून चकचकीत पितळ-पत्रा दिसत असेल तर हा कॅमेरा फ्लॅश लावून लग्नं करून आलेला आहे. लग्नं करून आलेला म्हणजे वाईटच असं नाही, पण मग शटर काउंट बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

शटर काउंट म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा, गाडीच्या किलोमीटरसारखा. डी7200 चं शटर दीड लाखासाठी टेस्ट केलेलं आहे, डी3500 चं एक लाखासाठी. एका लग्नात अडीच हजार फोटो धरले तर दीड लाख म्हणजे साठ लग्नं, चांगला चालणारा फोटोग्राफर दीड-दोन वर्षांत संपवतो. घरच्या माणसाला तेवढे फोटो काढायला जन्म जातो. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो, आपल्या कार्डावर एक जेपीजी काढा आणि लॅपटॉपवर किंवा शटर काउंट दाखवणाऱ्या साइटवर टाका. फोटो व्हॉट्सअपने पाठवून बघू नका, व्हॉट्सअप ती सगळी माहिती उडवून टाकतं आणि मग आकडाच दिसत नाही, मी पहिल्या वेळी हाच मूर्खपणा केला होता. कॅननच्या बहुतेक मॉडेलमध्ये आकडा फोटोत येत नाही, केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो, म्हणून लॅपटॉप.

आमच्या समोर जो डी7200 आला त्याबद्दल दुकानदार म्हणाला, "घरगुती वापर आहे भाऊ, आठ-दहा हजार चालला असेल." फाइलमध्ये निघाले एकेचाळीस हजार. मी काही बोललो नाही, लॅपटॉप त्याच्याकडे वळवला फक्त. एकेचाळीस हजार वाईट आकडा नाहीच, अजून लाखभर शिल्लक आहे, पण तो आकडा आता माझ्या खिशात होता. भाव करायला बसायच्या आधी असं जे जे सापडेल ते जमा करत जायचं, लगेच त्यावर भांडायचं नाही.

मग कोऱ्या कागदाचा फोटो, एफ 16 वर (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून), फोकस मुद्दाम बिघडवून. झूम करून बघितलं की सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. ठिपके साफ होतात, रेघ दिसली तर ओरखडा असू शकतो, तो कॅमेरा खाली ठेवा. मग लेन्स कॅप लावून तीस सेकंदाचा काळा फोटो, त्यात लाल-निळे ठिपके किती दिसतात ते बघा, दोन-चार असणारच. मग पट्टी टेबलावर तिरकी ठेवून पंधराच्या आकड्यावर फोकस करायचा, फोटोत बारा किंवा अठरा स्पष्ट दिसत असेल तर फोकस पुढे-मागे जातोय. डी7200 मध्ये हे मेनूतून थोडंफार जुळवता येतं, डी3500 मध्ये ती सोयच नाही. आणि डी7200 च्या मेनूत बॅटरी इन्फो म्हणून असतं त्यात बॅटरीचं वय 0 ते 4 असं दिसतं, 0 म्हणजे नवी, 4 म्हणजे कचरा. दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून बघा, फ्लॅश उघडून बघा, सगळी बटणं एकदा दाबा, दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

आता टॉर्च. लेन्सची दोन्ही झाकणं काढायची, मागून टॉर्च मारायचा आणि पुढून तिरकं बघायचं. बारीक धूळ सगळ्यांत असते, सोडून द्या. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे, किंवा खिडकीच्या काचेवर श्वास सोडल्यावर दिसतं तसे धुरकट फांद्या फुटलेले डाग दिसले की ती बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपाटात बॅगेत राहिलेल्या लेन्सला हमखास धरते. आम्हाला दाखवलेली पहिली 50 एमएम वरून नवीकोरी, डबा-बिल सगळं, आणि टॉर्च मारला तर आत कडेला पांढरं कापसासारखं उमललेलं. भाच्याला दिसलंच नाही, त्याला मी लेन्स हळूहळू फिरवून दाखवली तेव्हा तो म्हणाला, "मामा, हे तर पावावर येतं तसं आहे." बरोब्बर तेच. दुकानदार म्हणाला साफ करून देतो, तीन हजारात घ्या. स्वस्तात मिळते म्हणून अशी लेन्स घेऊ नका, साफ केली तरी काचेचं कोटिंग खाल्लेलं परत येत नाही आणि बुरशी पुन्हा डोकं वर काढते.

आता भाव. पहिला आकडा तो म्हणाला चौतीस, वर बॅग, कार्ड आणि ट्रायपॉड फ्री. हे 'फ्री' प्रकरण नीट समजून घ्या, ती बॅग दोन पावसाळे टिकत नाही, ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवला की मान टाकतो, आणि कार्ड ओरिजिनल असेलच असं नाही, पण या सगळ्याचे दोन-तीन हजार बॉडीच्या भावात आधीच धरलेले असतात. मी म्हटलं, "शेठ, बॅग-ट्रायपॉड राहू दे तुमच्याकडेच, नुसत्या बॉडीचे सांगा." त्याने कॅल्क्युलेटर घेतला, उगाच काहीतरी बडवलं आणि माझ्याकडे फिरवला: 31000. इथे बोरा बाजारात भाव तोंडाने कमी आणि कॅल्क्युलेटरवर जास्त होतो, कारण बाजूला दुसरं गिऱ्हाईक उभं असतं.

मग मी खिसा रिकामा केला. एकेचाळीस हजार काउंट. मागचं रबर अंगठ्यापाशी सुटलंय. व्ह्यूफाइंडरचं आयकप (डोळ्याशी टेकणारं रबर) नाही. चार्जर कंपनीचा नाही. बॅटरीचं वय 2. एकेक सांगितलं, आवाज न चढवता, आणि कॅल्क्युलेटरवर 26000 टाइप करून परत फिरवला. "अरे भाऊ, इतक्यात तर मला पण पडत नाही." हे वाक्य येणारच, त्याला उत्तर द्यायचं नसतं. गप्प बसायचं. भाचा मध्येच बोलायला लागला, "मामा पण पीस चांगला आहे ना," मी त्याला खाली चहा सांगायला पाठवलं. भाव चालू असताना ज्याला वस्तू आवडली आहे त्याला दुकानाबाहेर ठेवा, हा माझा सगळ्यात उपयोगी सल्ला समजा. आणि तो विचारेल "तुम्हीच बोला, किती देणार?" तेव्हा आकडा हवेत फेकायचा नाही, आदल्या रात्री चार जाहिराती बघून त्या मॉडेलचा चालू भाव काढून ठेवलेला असला पाहिजे. अर्ध्याने मागणं वगैरे फॅशन स्ट्रीटला ठीक आहे, इथे अर्ध्याने मागितलंत तर तो कॅमेरा परत कपाटात ठेवतो.

साडेसत्तावीसवर तो थांबला, मग मी पैसे सोडून वस्तूंवर आलो. कंपनीचा चार्जर द्या, आयकप द्या, आणि दुसरी 50 एमएम डी दाखवा. दुसरी स्वच्छ निघाली, साडेपाच म्हणाला, पाचला दिली. असे साडेबत्तीस. यूपीआयने दिले. क्रेडिट कार्डवर दोन टक्के जास्त मागतात, ते आधीच विचारून घ्या, नाहीतर कमावलेलं तिथे जातं.

बिल घेतल्याशिवाय जिना उतरू नका. कच्च्या कागदावर 'कॅमेरा एक नग' असलं चालणार नाही, मॉडेल, बॉडीच्या तळाचा सीरियल नंबर, लेन्सचा नंबर, तारीख, शिक्का, आणि टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची ते पेनाने लिहून. आम्हाला पंधरा दिवस मिळाली. ऑनलाइन जाहिरात बघून परस्पर माणसाकडून घेणार असाल तर जुनं बिल मागा आणि नंबर जुळवा, चोरीचा माल असाच फिरतो, आणि बघायच्या आधी 'टोकन' म्हणून एक पैसाही पाठवू नका. नवा घेणाऱ्यांसाठी एवढंच, दुकानदार 'इम्पोर्टेड पीस' चार-पाच हजार कमी सांगतो, त्याला इंडिया वॉरंटी नसते.

घरी आल्यावर पंधरा दिवस कॅमेरा रोज वापरा, जपून ठेवायला नंतर आयुष्य पडलंय. आणि ठेवायचा तो बॅगेत नाही, रबर रिंगवाल्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आतल्या दाण्यांचा रंग बदलला की दाणे पुडीतून काढून जुन्या तव्यावर मंद आचेवर गरम करून परत. कोणीतरी तांदळात ठेव सांगेल, ठेवू नका, पीठ आत जातं. भाच्याने ताईचा चकलीचा मोठा डबा उचललाय त्यासाठी. ताईला ते दिवाळीत कळलं, तेव्हा फोन मलाच आला.