ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा फाळका वाटेत उघडतोय? आधी मोजायचा टेप लावून बघा

नवरात्राच्या तोंडावर रताळ्याची पोती भरून बेळगावच्या मार्केट यार्डाला निघालो होतो. वेंगुर्ले रोडवर सुळगा सोडून हिंडलग्याकडं येताना एका गतिरोधकावर मागचा फाळका धाडकन खाली आला आणि दोन पोती रस्त्यावर पडली. मागनं दुचाकीवर नवरा-बायको येत होते, ते चुकवायला जाऊन कडेच्या चरीत उतरले. खरचटण्यावर निभावलं. पण त्या बाईंचा पांढरा पडलेला चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. म्हणून सगळं नीट लिहितोय.

त्याआधी मी दोनदा कडी बदलली होती, दरवेळी आधीपेक्षा जाड. शेवटी उद्यमबागेत एका जुन्या मिस्त्रीकडं ट्रॉली नेली. अण्णांनी कडीकडं बघितलंसुद्धा नाही, खिशातनं टेप काढला. म्हणाले, "कडी कितीबी जाड घाल, डब्याचं तोंडच फाकलंय. ती धरणार कशाला?"

तुम्हीही तिथनंच सुरुवात करा. ट्रॉली रिकामी असताना मागच्या तोंडाची वरची रुंदी मोजा, बाजूच्या एका फाळक्याच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत. मग माल भरून तेच माप परत घ्या. माझी ट्रॉली रिकामी 6 फूट भरत होती, भरल्यावर 6 फूट सव्वा इंच. म्हणजे प्रत्येक बाजू पाच सूत बाहेर जात होती (एका इंचाचे आठ सूत). आणि कडी खाचेत बसत होती सहा सूत. उरलं एक सूत! तेवढ्यावर तीन टन माल थांबवून ठेवायचा म्हटल्यावर गतिरोधकाचा एक दणका पुरेसा होता.

बाजू का फाकते, ते मागच्या कोपऱ्यातल्या उभ्या खांबाच्या बुडाशी दिसतं. आमच्या पश्चिम भागात पाऊस दणकून, त्यात शेणखताची ओल त्या सांध्यात महिनोन्‌महिने राहते. वायर ब्रशनं घासा. माझ्याकडं गंजाचा पापुद्रा निघाल्यावर वेल्डिंगच्या कडेनं केसासारखी फट दिसली, बोटभर लांब. स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत शिरलं.

माप दोन्ही वेळा सारखंच आलं, तर दोष दुसरीकडं आहे. बिजागरीची पिन झिजून फाळका खाली बसला असेल, नाहीतर खिटीचं, म्हणजे कडी अडकवून ठेवणाऱ्या पिनेचं, भोक लांबट झालं असेल. कडीला थोडं ग्रीस लावून फाळका बंद करा आणि उघडून बघा. ग्रीसचा डाग खाचेत कुठवर लागला, तेवढीच तिची पकड.

कामाला लागण्याआधी ट्रॉली सपाटीवर लावा, चाकांना दगड द्या, ट्रॅक्टर सोडवून बाजूला घ्या. फाळका उघडताना त्याच्या मागं कधीच उभं राहू नका, बाजूला राहून खिटी काढा. हायड्रॉलिक ट्रॉली असेल तर उचललेल्या डब्याखाली लोखंडी टेकू दिल्याशिवाय हातसुद्धा घालू नका.

दोन्ही खांबांना साखळी बांधून चेन पुलीनं तोंड आत ओढा. कुठवर ओढायचं? डब्याच्या पुढच्या बाजूची रुंदी मोजा, तिथला फाळका पक्का असल्यानं ते माप बदललेलं नसतं. त्याच्यापेक्षा एखाद सूत जास्तच ओढा, सोडल्यावर लोखंड थोडं मागं येतं. ग्राइंडरनं फट तळापर्यंत उकरून मगच वेल्डिंग भरा. वरवर ओढलेली रेघ दोन खेपांत परत फुटते. त्यावर खांबाच्या बुडाला 6 एमएम पत्र्याची त्रिकोणी पट्टी द्या. आधी नुसते टाके मारायचे, फाळका लावून बंद-उघड करून बघायचा, सगळं बसलं की पूर्ण वेल्डिंग. थंड झाल्यावर रेड ऑक्साईडचे दोन हात.

आता खिटी. आडवी घातलेली खिटी हादऱ्यानं सरकत सरकत बाहेर येते. वरून खाली पडणारी करून घ्या, म्हणजे प्रत्येक हादरा तिला आतच बसवतो. अण्णांनी 16 एमएमची ईएन-8 ची (मध्यम कार्बनच्या कडक पोलादाची) खिटी लेथवर काढून दिली. लांबट झालेल्या भोकावर 17 एमएम भोकाची नवी पट्टी बसवली. खिटीच्या खालच्या टोकाला आर-पिन (इंग्रजी आर अक्षरासारखी वाकवलेली तारेची क्लिप), आणि खिटी हरवू नये म्हणून छोटी साखळी. काथ्या किंवा बांधायची तार हा उपाय नव्हे. काथ्या सैल होतो आणि तार एकाच जागी वाकून वाकून तुटते.

शिवाय दोन्ही बाजूच्या फाळक्यांच्या वरच्या कडेला एक आडवी साखळी ताणून लावा. माल भरल्यावर बाजूंना आवळून धरणारी तीच. हिला आळस करू नका.

शेवटी फाळका बंद करून कडीवरनं खांबावर अशी ऑईल पेंटची एक सरळ रेघ मारा. पहिल्या दिवशी अर्धाच माल भरा, खराब रस्त्यानं दोन किलोमीटर जाऊन थांबा आणि रेघ बघा. रेघ सलग असेल तर पूर्ण भरा. खांबावरचा आणि कडीवरचा तुकडा एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर परत टेप घ्या. फाळक्यावरच्या रिफ्लेक्टर पट्ट्याही त्याच वेळी पुसून घ्या. फाळका लोंबला की त्या जमिनीकडं वळतात आणि अंधारात मागच्याला ट्रॉली दिसतच नाही. मी अजूनही यार्डाला जाताना हिंडलग्याच्या अलीकडं गाडी बाजूला घेतो, उतरतो, रेघ बघतो आणि मगच पुढं जातो.