जोडीदार गेल्यानंतरचं पहिलं वर्ष: श्रद्धेच्या वाटेवर या चुका टाळा

गोडाचं जेवण उरकतं, पाहुणे आपापल्या गावी परततात, आणि मग खरा प्रश्न समोर येतो: आता देवाशी बोलायचं तरी काय? भजनी मंडळाच्या निमित्ताने मी अशा बऱ्याच घरांत जाऊन बसले आहे. नवरा किंवा बायको गेल्यामुळे देवावरचा विश्वास उडाला, असं फार कमी जण सांगतात. विश्वास झिजतो तो नंतरच्या महिन्यांत, श्रद्धेच्या नावाखाली जे बोललं जातं, करायला लावलं जातं, त्याने. त्यातल्या नेहमी दिसणाऱ्या चुका इथे लिहिते आहे.

“देवाची इच्छा” म्हणून रडू गिळणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. घरात कुणी रडायला लागलं की चार जण धावत येतात: “असं करू नये, त्यांच्या आत्म्याला त्रास होतो.” माणूस गप्प होतो. मग देवासमोरही गप्प होतो, कारण खरं बोलायची सोयच उरत नाही.

आपल्या संतांनी असं गिळलेलं नाही. 1296 मध्ये आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, तेव्हाच्या नामदेवांच्या अभंगांत विरहाचं रडणं उघडं आहे, आणि ते आपण आजही कीर्तनात ऐकतो. जनाबाईने तर विठोबाला सरळ शिव्या घातल्या. तिची भक्ती त्यामुळे कमी होती असं म्हणायला कोणता वारकरी धजावेल?

आमच्या मंडळातल्या एका वहिनींकडे देवपूजा त्यांचे यजमानच करत. ते गेल्यावर वहिनींनी ताम्हन, पळी, विठोबाची पितळी मूर्ती असं सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवून दिलं. “ताई, माझं त्याच्याशी भांडण आहे,” म्हणाल्या. मी म्हटलं, “मग त्याला खाली उतरवा आणि समोरासमोर भांडा.” एका दुपारी त्यांनी मूर्ती काढली. काळी पडली होती. चिंचेच्या कोळाने घासता घासता त्या बोलत राहिल्या: डॉक्टर “आता बरे आहेत” म्हणाले तेव्हा तू कुठे होतास, मला एकटीला का ठेवलंस, आता विजेचं बिल कुठे भरायचं तेही मला माहीत नाही. तासभर हे चाललं होतं. माझ्या मते त्या घरातली पूजा त्या दिवशी पुन्हा सुरू झाली.

“कुठे चुकलं?” याचा हिशेब मांडत बसणं

कुलाचार राहिला होता का, नवस फेडायचा होता का, कुणाचा तळतळाट लागला का? या प्रश्नांना तळ नाही. तुकोबांच्या घरात दुष्काळाने बायको आणि मुलगा दोघं गेले, व्यापार बुडाला. त्यांच्या भक्तीत खोट होती म्हणून हे घडलं, असं कुणी म्हणत नाही. मग स्वतःलाच हा नियम वेगळा का लावायचा?

“आता सगळं त्याच्यावर सोडलंय” म्हणून कागदांकडे न बघणं

हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. भरवसा आणि हातपाय गाळणं बाहेरून सारखंच दिसतं. पुन्हा तुकोबांचंच बघा. सावकारीच्या कर्जखतांची भावाबरोबर वाटणी केली, भावाचा वाटा त्याच्या हाती दिला, आणि फक्त आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. विरक्ती आली तरी त्यांनी दुसऱ्याचा हक्क बुडू दिला नाही.

तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत एवढं तरी करा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत झाली आहे का ते पाहा. दाखल्याच्या प्रती जास्तच काढा, कारण बँक, विमा, पेन्शन, गॅस, सगळीकडे एकेक लागते. कुटुंब निवृत्तिवेतन किंवा पीएफ असेल तर त्या कार्यालयात लगेच कळवा. शेतजमीन असेल तर तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्या. खात्यावर ‘नॉमिनी’ म्हणून नाव असलं म्हणजे पैसा त्याच व्यक्तीच्या मालकीचा झाला असं नसतं, हेही ध्यानात ठेवा.

आणि हक्कसोडपत्र. “आता तुला कशाला हवंय हे सगळं, देवाचं नाव घे,” असं म्हणत कागद पुढे केला जातो, आणि दुःखात बुडालेली बाई वैराग्य समजून सही करून मोकळी होते. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर पतीच्या मिळकतीत विधवेचा मुलांइतकाच वाटा असतो. पहिल्या वर्षात मिळकतीच्या कोणत्याही कागदावर घाईने सही करू नका. सोडायचंच असेल तर मन ताळ्यावर आल्यावर, आपल्या वकिलाला दाखवून सोडा. भीतीपोटी सोडलं तर त्याची सल आयुष्यभर राहते, आणि ती जपातही मध्ये येते.

एकदम मोठं व्रत धरणं

कुणी सांगतं, गुरुचरित्राचा सप्ताह कर. सोवळं, एकवेळ जेवण, जमिनीवर झोपणं. जिला रात्री दोन तासही झोप लागत नाही, तिच्यावर हे लादलं की तिसऱ्या दिवशी मोडतं, आणि दुःखात अपराधीपणाची भर पडते.

थोडं धरा. संध्याकाळी दिवा लावा आणि हरिपाठातला एकच अभंग म्हणा. ज्ञानेश्वरीच्या दोन ओव्या वाचा, अर्थ लागला नाही तरी चालेल. ठरलेली वेळ मोडू नका, एवढाच नियम. पहिले काही महिने मनात काहीच उमटत नाही, शब्द कोरडे लागतात. तसे लागणारच. त्यावरून देव दूर गेला असा निष्कर्ष काढू नका. दमलेल्या शरीराला आनंदसुद्धा पेलत नाही.

उपायवाल्यांच्या दारात उभं राहणं

पंचक लागलं, शांत करा, हे रत्न घाला, दार पूर्वेला घ्या. भीती घालून पैसे मागणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं किंवा भूतबाधेची भीती दाखवणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. पोलिस ठाण्यात तक्रार करता येते.

दार लावून घेणं

लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव एकदा झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि लहानग्या मुक्ताईने बाहेरून विनवून ती उघडायला लावली. तुम्ही आत बसला असाल तर निदान एका माणसाला हाक मारायची मुभा द्या: बहीण, शेजारीण, मुलगा, कुणीही. भजनात म्हणता आलं नाही तर मागे बसून टाळ तरी धरा.

बायकांच्या बाबतीत पुष्कळदा दार बाहेरूनच लावलं जातं. हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, ओवाळू द्यायचं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसंच आवाहन करणारं परिपत्रक काढलं. तेव्हा “शास्त्रात आहे” म्हणून कुणी अडवलं तर निमूटपणे मागे सरू नका. आणि तुम्ही बोलावणाऱ्या घरातल्या असाल, तर तिचं नाव यादीत सगळ्यात आधी लिहा.

आजाराला भक्तीची कमी समजणं

आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, वजन उतरतंय, जगण्यात राम नाही असं सारखं मनात येतंय, तर नामस्मरण वाढवून ते जाईल याची वाट पाहू नका. डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जीव द्यावासा वाटत असेल तर त्या क्षणी फोन करा आणि घरातल्या कुणाला तरी जवळ बसवा. गोळी सुरू झाली म्हणून जप थांबवायचं कारण नाही, आणि जप चालू आहे म्हणून गोळी थांबवायची नाही.

वर्षश्राद्धाच्या सुमारास सगळं पुन्हा उसळून येतं. सावरलेली माणसंही त्या आठवड्यात ढासळतात आणि आपण होतो तिथेच आहोत असं त्यांना वाटू लागतं. ते दिवस आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा, स्वयंपाकाला कुणाला तरी सांगा, आणि संध्याकाळचा तो एक अभंग तेवढा चुकवू नका.