होई आनचं बजेट गावात नाही, वाटेवर फाटतं: या चुका टाळा

व्हिएतनाममधलं होई आन तसं स्वस्त गाव आहे. काओ लाऊ नूडल्सचा वाडगा चाळीस ते साठ हजार डोंगांत येतो, म्हणजे दीडशे-दोनशे रुपये. जुन्या गावाच्या जरा बाहेर, होमस्टेत न्याहारीसकट स्वच्छ खोली दोन-अडीच हजारांत मिळते, आणि बऱ्याच ठिकाणी सायकल फुकट. तरी तिथून परतलेले ओळखीचे लोक एकच वाक्य बोलतात: "ठरवलं होतं त्यापेक्षा बरेच गेले."

आमचंही पहिल्या खेपेला तेच झालं. चौघांच्या सहलीत ठरवल्याच्या वर सदतीस हजार रुपये गेले. घरी येऊन पावत्या मांडून बसले, तर खोली, जेवण, तिकिटं सगळं अंदाजात होतं. पैसा गळला होता तो तारखांत, व्हिसात, नोटांच्या गोंधळात, विमानतळापासूनच्या तीस किलोमीटरांत आणि शेवटच्या दिवशी शिंप्याच्या दुकानात.

दिवाळीच्या सुट्टीत जाणं

मराठी घराची सहल शाळेच्या सुट्टीला बांधलेली असते, म्हणून ही चूक खास आपली. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा होई आनमध्ये ऐन पावसाचा आणि पुराचा काळ. गाव थु बोन नदीच्या काठावर, जवळजवळ पाण्याच्या पातळीला वसलेलं आहे. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस पाणी जुन्या गावातल्या घरांत शिरलं आणि रस्त्यांतून होड्या चालल्या. तान की या दोनशे वर्षांहून जुन्या व्यापारी घरात भिंतीवर कोणत्या वर्षी पाणी कुठवर आलं याच्या खुणा केलेल्या आहेत. मी त्यांच्याशेजारी उभी राहिले तर वरची खूण माझ्या डोक्याच्याही वर होती.

बजेटशी याचा संबंध असा, की या काळात खोल्या स्वस्त दिसतात आणि माणूस भुलतो. मग पाऊस लागला की एक दिवस खोलीत, पर्यायी हॉटेल जवळच्या दा नांग शहरात, टॅक्सी दुप्पट, विमान पुढे ढकललं तर त्याचा फरक. दिवाळीतच जायचं असेल तर रद्द केल्यावर पैसे परत मिळतील अशीच खोली घ्या, चारपाचशे रुपये जास्त पडले तरी. होई आनला तीनपेक्षा जास्त रात्री एकदम बांधून घेऊ नका.

फेब्रुवारी ते एप्रिल हवा उत्तम. फक्त तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्ये येतं. तेव्हा बरीच दुकानं बंद आणि भाव चढे. उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्यांनी ३० एप्रिल आणि १ मे टाळावेत. आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तिकडे ३० एप्रिलला व्हिएतनाम युद्धातल्या १९७५ च्या विजयाची आणि १ मेला कामगार दिनाची सुट्टी. सगळा व्हिएतनाम समुद्राकडे निघालेला असतो.

आणखी एक तारीख कॅलेंडरात बघून ठेवा. दर चांद्र महिन्याच्या चौदाव्या दिवशी, साधारण आपल्या पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधी, जुन्या गावात विजेचे दिवे मंद करून कंदील लावतात. सुंदर दिसतं, यात वाद नाही. पण गर्दी चेंगराचेंगरीच्या जवळ जाते आणि खोल्यांचे भाव वर. कंदील रोजच लागतात. सासूबाई बरोबर असतील तर साधी रात्रच बरी.

व्हिसाच्या अर्जात नाव चुकवणं

व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशाचा २५ डॉलर, अनेक प्रवेशांचा ५०. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. शोधयंत्रात टाकलं की सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं आधी येतात आणि तीच सेवा दुप्पट-तिप्पट भावात देतात. खऱ्या सरकारी पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट व्हीएन' असतं, ते पाहून घ्या.

घोळ होतो तो नावात. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा पहिल्या नावाच्या रकान्यातच छापलेलं असतं. अर्ज भरताना ते 'मधलं नाव' समजून गाळलं जातं. मग विमानतळाच्या काउंटरवर, "मॅडम, नाव जुळत नाही." चूक झाली तर भरलेले पैसे परत नाहीत, नवा अर्ज, नवे २५ डॉलर. घाईचा अर्ज करावा लागला तर एजंट मागेल ते. पासपोर्टाच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळी समोर ठेवून अक्षरन् अक्षर उतरवा, आणि उतरण्याचा विमानतळ नीट निवडा.

निळी नोट

रुपयाला साधारण २९० ते ३०० डोंग. हिशेबाची सोपी युक्ती म्हणजे मागची तीन शून्यं काढा आणि उरलेल्याची सव्वातीन-साडेतीनपट करा. १२०,००० म्हणजे १२०, म्हणजे चारशेच्या आसपास रुपये. तिथे दुकानात भाव '१२० के' असाच लिहिलेला असतो, त्यामुळे निम्मं काम झालेलं असतं. तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेंदू थकतो आणि "पन्नासच तर आहेत" म्हणून आपण पन्नास-पन्नासचे सात फटके देऊन मोकळे होतो.

खरा फटका मात्र नोटांच्या रंगाचा. २०,००० ची नोट निळी आणि ५००,००० चीही निळसर. दोन्हींवर पुढे हो ची मिन्ह. पहिली सत्तर रुपयांच्या आतली, दुसरी सोळा-सतराशेची. मी नदीकाठी रात्री, कंदिलांच्या पिवळ्या उजेडात, शहाळ्याच्या गाडीवर दोनदा निळी नोट दिली. हॉटेलवर पाकीट मोजताना कळलं की त्यातली एक मोठी होती. तेव्हापासून नोट उलटी करून देते. मागे छतवाला पूल दिसला तर वीस हजार (तो होई आनमधलाच जपानी पूल आहे), झाडांमधलं गवती छपराचं घर दिसलं तर पाच लाख, हात मागे. मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवल्या तर हे ध्यान करावंच लागत नाही.

डोंग भारतातून घेऊन जाऊ नका, भाव फार पडतो. पन्नास-शंभरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा न्या आणि तिथल्या बँकेत किंवा अधिकृत केंद्रात बदला. शाईचा ठिपका असलेली माझी एक नोट दोन ठिकाणी परत आली. बदलल्याची पावती जपून ठेवा.

दा नांगच्या भावात होई आन बघणं

होई आनला विमानतळ नाही, रेल्वे स्टेशनही नाही. सोयीचं दोन्ही दा नांगला, सुमारे तीस किलोमीटरवर. शिवाय जुलै २०२५ पासून क्वांग नाम प्रांत दा नांग शहरात विलीन झाला, त्यामुळे होई आनचे पत्तेही आता 'दा नांग' म्हणून दिसतात. स्वस्त खोली मिळाली म्हणून आनंदात बुकिंग करायचं आणि नकाशा उघडल्यावर कळायचं की ती दा नांगच्या समुद्रावर आहे, असं होतं. रोज जायला-यायला ग्रॅबने (ॲपवरून बोलावायची टॅक्सी) एकेका फेरीला तीन-चार लाख डोंग. वाचवलेले पैसे दोन दिवसांत गेले. बुकिंग करताना पत्ता वाचू नका, नकाशावर जपानी पुलापासूनचं अंतर मोजा. दीड-दोन किलोमीटर असेल तर चालत किंवा सायकलने होतं.

मुंबईहून हनोई किंवा हो ची मिन्ह सिटीला थेट विमान आणि पुढे दा नांगचं देशांतर्गत, अशी दोन वेगळी तिकिटं घेणाऱ्यांनी मध्ये किमान चार तास ठेवावेत. इमिग्रेशनची रांग, सामान घेणं, दुसऱ्या टर्मिनलला जाणं, सगळं त्यात बसवायचं असतं. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा वेगळी असते, हे आम्हाला काउंटरवर कळलं.

तिकिटं आणि बोट

जुन्या गावाचं तिकीट परदेशी माणसाला १२०,००० डोंग. त्यात गावातल्या सगळ्या नाही, मोजक्याच वास्तू पाहता येतात. किती आणि किती वेळात, हे खिडकीवरच विचारा. नुसतं फिरून मग आत जायचं ठरवलं की निवड घाईत होते. तान की घर, चिनी व्यापाऱ्यांचं फुजियान सभागृह आणि जपानी पूल यांना आधी जागा द्या. पूल दीडेक वर्षाच्या दुरुस्तीनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा उघडला आहे.

कंदिलांच्या होडीचा ठरलेला दर तिघांपर्यंत १५०,००० आणि चार-पाच जणांना २००,०००, वेळ वीसेक मिनिटं. काठावर हात धरून बोलावणाऱ्यांशी घासाघीस करत बसण्यापेक्षा तिकीट खिडकीवर जा.

जेवणात घाबरून भारतीय हॉटेल गाठणं

शाकाहारी माणसाचं बजेट इथे हमखास घसरतं. एकदा सूपमध्ये मासळीचा वास आला की तो थेट पनीर-नान शोधतो, आणि एका भाजीला गावातल्या चार जेवणांचे पैसे देतो. तिकडे शाकाहाराला शब्द आहे 'चाय'. 'आन चाय' म्हणजे शाकाहारी खाणं. (चहा हवा असेल तर हा शब्द उच्चारू नका, पालेभाजी येईल.) पाटीवर 'कॉम चाय' लिहिलेली छोटी खाणावळ शोधा. भात, टोफू, मशरूम, भाज्या, तीस-चाळीस हजारांत ताट. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथली बौद्ध मंडळीही शाकाहार पाळतात, तेव्हा निवड आणखी मोठी असते. साध्या हॉटेलात मात्र 'नुओक माम', म्हणजे माशाचा सॉस, नको हे वेगळं सांगावं लागतं.

शिंप्याकडे शेवटच्या दिवशी जाणं

होई आनमध्ये पावलापावलावर शिंपी आहेत आणि 'चोवीस तासांत सूट' ही पाटी खरी असते. शिवून मिळतो. बसतो की नाही, ही वेगळी गोष्ट.

आमच्या यादीत कपडे नव्हतेच. निघायच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याने सहज एका दुकानात कापडाला हात लावला. टॅक्सीवाल्यानेच ते दुकान सुचवलं होतं, म्हणजे त्याचं कमिशन भावात धरलेलं. रात्री नऊला माप, सकाळी अकराला कपडे, बाराला विमानतळाची गाडी. बाह्या अर्धा इंच आखूड, पाठीला चुण्या. दुकानदारीण हसतमुखाने म्हणाली, "पाठवून देते." ते कुरिअर कोण भरणार, हे विचारायला वेळ नव्हता. ठाण्यात आमच्या शिंप्याने ते जॅकेट उलटं करून पाहिलं, "अस्तर चांगलं आहे हो," एवढं म्हणाला आणि बाह्या सोडायचे पैसे घेतले. वर विमानात जादा वजन भरलं होतंच.

दुसऱ्या खेपेला पोहोचल्या संध्याकाळीच गेलो. पहिल्या दिवशी माप, दुसऱ्या दिवशी कच्ची ट्रायल, तिसऱ्या दिवशी पक्की, आणि निघण्याआधी एक दिवस हातचा. बिलावर कापड कोणतं (लोकर की पॉलिएस्टर मिश्रण), अस्तर कोणतं, किती ट्रायल, आगाऊ किती, सगळं लिहून घेतलं. अर्ध्याहून जास्त आगाऊ दिलं नाही. आणि मुख्य म्हणजे शिवणकामाला घरूनच आकडा ठरवून नेला. साडीवरचा ब्लाउज मात्र तिथे शिवू नका. नमुना दिला तरी कटोरी त्यांच्या हाताला येत नाही.

बा ना हिल्सला जाऊन 'मी सन' टाळणं

दा नांगजवळच्या बा ना हिल्सवरचा दोन हातांवर तोललेला सोनेरी पूल सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो. तिकीट माणशी नऊ-दहा लाख डोंग. चौघांचे बारा-तेरा हजार रुपये, गाडी वेगळी. मुलं लहान असतील तर जा, माझा आग्रह नाही.

पण पैसे संपले म्हणून 'मी सन' हे जुन्या शिवमंदिरांचं ठिकाण वगळू नका. होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर, तिकीट १५०,००० डोंग, आतली विजेची गाडी त्यातच. चौथ्या शतकात चंपा या इथल्या जुन्या राज्याच्या भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वर नावाने शिवाची स्थापना केली आणि पुढे काही शतकं विटांची मंदिरं उभी राहत गेली. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बनी बरीच पाडली. आपल्या पुरातत्त्व खात्याने २०१७ पासून पाच वर्षं तिथल्या तीन गटांची डागडुजी केली आणि २०२० मध्ये काम चालू असताना अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. खासगी गाडीऐवजी सामायिक मिनीबसने गेलात तर खर्च निम्म्याखाली येतो. सकाळची पहिली फेरी घ्या, दहानंतर विटा तापतात.

स्कूटर

भाडं स्वस्त, म्हणून मोह होतो. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारानुसारचा असतो, व्हिएतनाम १९६८ च्या कराराचा मानतं. अपघात झाला तर विमा कंपनी इथेच बोट ठेवते. सायकल घ्या.

तिथे पैसे अडकले तर

कार्ड चालत नसेल तर आधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू आहेत का पाहा. आपल्याकडे ते मुळात बंद असतात आणि एटीएम व दुकान यांची बटणं वेगवेगळी असतात. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून ते सिम फोनमध्येच असू द्या. एटीएममधून एका वेळी बहुधा वीस-तीस लाख डोंगच निघतात आणि दर वेळी शुल्क लागतं, त्यामुळे थोडे थोडे काढणं महाग. पडद्यावर 'रुपयांत रूपांतर करू का' विचारलं तर नाही म्हणा, तो भाव मशीनवाल्याचा असतो.

उरलेले डोंग दा नांगलाच, ती जपून ठेवलेली पावती दाखवून, डॉलरमध्ये बदला. मुंबईत घेणारा भेटला तरी भाव ऐकून नोटा परत पाकिटात जातात. आमच्या कपाटात अजून साठ हजार डोंग पडून आहेत, पुलाच्या तीन नोटा.