पुढच्या पाच पुस्तकांचं कलम

पहिली रहस्यकादंबरी प्रकाशकाने स्वीकारली असं कुणी नवखं येऊन सांगितलं की मी अभिनंदनाआधी विचारते, सही केलीस का? केली नसेल तर हे वाचून मग कर. केली असेल तरी वाच, त्यातूनही वाट निघते. माझी निघाली.

आपल्या डोक्यात आकडे फार असतात. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, अगाथा ख्रिस्तीच्या ६६ रहस्यकादंबऱ्या, आणि आपण एकीवर तीन वर्षं अडकलोय. मीही हबकले होते. पण हिशेब मांडून बघा. ख्रिस्तीची पहिली कादंबरी १९२० साली आली आणि शेवटची १९७६ साली, तिच्या मृत्यूच्या वर्षी. म्हणजे वर्षाला एकाहून थोडी जास्त. एवढं माणसाला जमण्यासारखं आहे. शिवाय ते पहिलं पुस्तक तिने १९१६ मध्येच लिहिलं होतं. बऱ्याच जणांनी ते परत पाठवलं, आणि बॉडली हेड या प्रकाशनाकडे तर ते जवळजवळ दोन वर्षं पडून होतं.

शेवटी बॉडली हेडच्या जॉन लेन या प्रकाशकाने तिला बोलावलं. तिचा गुप्तहेर पॉयरो कोर्टात साक्ष देताना सगळं उलगडून सांगतो हे त्याला पटलं नव्हतं, म्हणून शेवट बदलून मागितला. मग करार पुढे केला. पहिल्या २,००० प्रती खपेपर्यंत रॉयल्टी नाही, आणि पुढच्या पाच कादंबऱ्याही त्यालाच द्यायच्या, रॉयल्टीचा दर जेमतेम वाढवून. पुस्तक छापलं जाणार या आनंदात ते कलम आपल्या लक्षातही आलं नाही, असं तिने आत्मचरित्रात सांगितलंय. त्या पुस्तकातून तिला मिळाले २५ पौंड, तेही क्रमशः प्रसिद्धीच्या हक्कांचे.

मी हे वाचलं तेव्हा माझी सही होऊन दोन वर्षं झाली होती.

माझा करार दोन पानांचा होता. टेबलावर माझं हस्तलिखित, त्यावर चहाचा कप, आणि मी कागद उलटून पहिल्यांदा रॉयल्टीचा आकडा शोधला. तो बरा होता. कलम ९ असं होतं: "लेखिकेने यापुढील पाच कादंबऱ्या प्रथम प्रकाशकाकडेच सादर कराव्यात, अटी प्रस्तुत कराराप्रमाणेच राहतील." मला तो मान वाटला. पाच पुस्तकं मागतायत, म्हणजे विश्वास आहे!

यात तीन गोष्टी दडलेल्या आहेत आणि तिन्ही नीट समजून घ्या. पहिली, "अटी प्रस्तुत कराराप्रमाणेच". म्हणजे सहाव्या पुस्तकालाही पहिल्या पुस्तकाचा दर, मधे नाव कितीही झालेलं असो. दुसरी, "कादंबऱ्या", म्हणजे सगळ्याच. रहस्यकथा असो, प्रेमकथा असो, आधी तिकडेच. तिसरी सगळ्यात वाईट, कारण ती कागदावर नव्हतीच: प्रकाशकाने किती दिवसांत उत्तर द्यायचं याची मुदत. माझी तिसरी कादंबरी चौदा महिने त्यांच्या कपाटात होती. ते हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. आणि ते नाही म्हणेपर्यंत मी दुसरीकडे जाऊ शकत नव्हते. फोन केला की "वाचन सुरू आहे".

इतर लेखकांपेक्षा आपल्याला हे जास्त नडतं, कारण आपली पुंजी म्हणजे आपला गुप्तहेर. वाचक त्याच्या मागून येतो. हस्तलिखित अडकलं की गुप्तहेर अडकतो, आणि त्याचं पुढचं प्रकरण दुसऱ्याला द्यायची सोय राहत नाही. त्या चौदा महिन्यांत मी एक ओळ लिहिली नाही. आळस नव्हता. लिहिलेलं पुन्हा त्याच कपाटात जाणार हे माहीत होतं.

म्हणून सांगते. पाचाच्या जागी एक करून घ्या. त्याच गुप्तहेराच्या पुढच्या कादंबरीपुरतं मर्यादित करा. साठ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास लेखक मोकळा, हे वाक्य घालून घ्या. अटी नव्याने ठरतील असं लिहून घ्या. पेनाने खोडून दोघांनी बाजूला सह्या केल्या तरी चालतं. "आमचा ठरलेला नमुना आहे, बदलत नाही" असं ऐकाल. तरी मागा. मी मागितलंच नव्हतं.

आता धीराचं. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १९ एकदा शांतपणे वाचा. हक्क दिल्याचं लेखी आणि सही केलेलं असावं लागतं. तोंडी "सगळे हक्क आमचे" याला अर्थ नाही. आणि किती काळासाठी दिले ते लिहिलं नसेल, तर ते पाच वर्षांसाठीच धरले जातात. माझ्या करारात पहिल्या पुस्तकासाठी मुदत नव्हती. सहाव्या वर्षी एका वकील मैत्रिणीने त्यावर बोट ठेवलं आणि ते पुस्तक माझ्याकडे परत आलं. तुमच्या करारात मात्र "कायमस्वरूपी" हा शब्द असेल तर हा आधार नाही. तो शब्द दिसला की पेन खाली ठेवा.

गुरूंबद्दलही बोलते. ख्रिस्तीच्या शेजारी ईडन फिलपॉट्स हे लेखक राहायचे. तिचं कोवळं हस्तलिखित वाचून त्यांनी उपदेशाचे परिच्छेद कापायला सांगितले आणि स्वतःच्या एजंटकडे पाठवलं. त्या एजंटने ते नाकारलं, तरी मला गुरू असाच हवा: काय कापायचं ते सांगणारा आणि दार दाखवणारा. तीस दिवसांत रहस्यकादंबरी शिकवणाऱ्या शिबिरांवर माझा अजिबात विश्वास नाही. ख्रिस्तीला विषं कळली ती पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या हॉस्पिटलमध्ये औषधं तयार करताना, परीक्षा देऊन. तुम्ही बँकेत असाल तर खोट्या सह्या तुम्हाला कळतात. तिथूनच सुरू करा.

आणि वह्या ठेवा. तिच्या ७३ वह्या उरल्या आहेत. त्यांत एकाच गोष्टीसाठी खुनी कोण याचे अनेक पर्याय मांडलेले आहेत, मधेच घरच्या याद्या. तिलाही खुनी आधीपासून ठाऊक असायचाच असं नाही, हे कळलं त्या दिवशी मी पुन्हा लिहायला बसले.

१९२६ मध्ये ती बॉडली हेडमधून सुटून कॉलिन्सकडे गेली ती शेवटपर्यंत तिथेच राहिली. मला नऊ वर्षं लागली. कलम ९ मधली पाचवी कादंबरी या मार्चमध्ये देऊन टाकली. त्यानंतरच्या, मोकळ्या कादंबरीची वही उघडली आहे. पहिल्या पानावर तीन खुनी आहेत, अजून एकही खोडलेला नाही.