पाटी, रंग, दिवा, पिशवी: फास्ट फूड चेनची ओळख सांगलीतल्या दुकानाला कशी लावायची

संध्याकाळी सात वाजता विश्रामबागेकडून शंभर फुटी रस्त्याने एक चक्कर मारा आणि नुसत्या खाण्याच्या दुकानांच्या पाट्या बघत या. लाल पाटी, पिवळी अक्षरं, कोपऱ्यात नेटवरून उतरवलेला बर्गर, खाली ‘पार्सल मिळेल’ आणि दोन मोबाईल नंबर. पाटी कितीही भडक असली तरी घरी पोचेपर्यंत ती कोणाची होती हे डोक्यातून गेलेलं असतं. पाटी नजरेत येणं सोपं आहे. ती ओळखू येण्यासाठी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, त्याच रूपात दिसावी लागते. मोठ्या चेन एवढंच करतात, पण ते कंटाळा न करता वर्षानुवर्षं करतात.

मॅकडोनाल्ड्सच्या पिवळ्या कमानी आधी लोगो नव्हत्या, इमारतीचा भाग होत्या. १९५३ साली अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये बांधलेल्या दुकानाच्या दोन्ही बाजूंना एकेक कमान होती. रस्त्यावरून तिरकं पाहिलं की त्या दोन्ही मिळून ‘एम’सारख्या दिसायच्या. लोगो त्यातून नंतर आला. केएफसीची बादली १९५७ची, पिझ्झा हटचं लाल छप्पर १९६९चं. डॉमिनोजच्या सोंगटीवरचे तीन ठिपके म्हणजे सुरुवातीची तीन दुकानं. या सगळ्या खुणा पोराला कोळशाने भिंतीवर काढता येतील इतक्या साध्या आहेत. २००९च्या सुमारास मॅकडोनाल्ड्सने जर्मनीत पाटीचा लाल रंग काढून गडद हिरवा लावला. तरी कमानी तशाच राहिल्यामुळे दुकान ओळखू येतच राहिलं. म्हणून आधी आकार पक्का करा, मग रंग, आणि सजावटीचा विचार सगळ्यात शेवटी.

नावापासून सुरुवात

समजा, दुकानाचं नाव ‘चटका’ आहे. वडापाव, मिसळ, दाबेली, सँडविच असा माल. तीन अक्षरं, वर वेलांटी नाही, खाली उकार नाही. याचा फायदा थेट इंचात मोजता येतो.

पाटीच्या धंद्यातला ढोबळ हिशेब असा: अक्षराच्या दर एक इंच उंचीमागे दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच धरायची, वेलांटी-मात्रा धरायची नाही. दुचाकी ताशी ३० किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला ८.३ मीटर कापते. माणसाने नाव वाचावं, ठरवावं आणि ब्रेक दाबावा यासाठी निदान सहा सेकंद लागतात, म्हणजे नाव ५० मीटरवरून, १६४ फुटांवरून वाचता आलं पाहिजे. त्यासाठी अक्षर १६ इंच हवं.

आता १२ फूट रुंद, ३ फूट उंच पाटी घ्या. त्यावर ‘श्री अमुक-अमुक फास्ट फूड अँड स्नॅक्स सेंटर’ एका ओळीत बसवलं तर अक्षर नऊ-दहा इंचांच्या वर जात नाही, आणि गिऱ्हाइकाच्या हातात साडेतीन सेकंद उरतात. ‘चटका’ मात्र वर-खाली सहा-सहा इंच मोकळे सोडूनही २४ इंचांचं बसतं, शेजारी खूण काढायला अडीच फूट उरतात. नावात वेलांटी, मात्रा किंवा उकार असेल तर पूर्ण उंची अक्षराच्या साधारण १.६ पट धरा. ३६ इंचांच्या पाटीत मग १६ इंचांचं अक्षर जेमतेम बसतं. देवाचं, आजोबांचं नाव जरूर ठेवा, पण ते काउंटरमागच्या भिंतीवर.

दुसरी गोष्ट दिशेची. दर्शनी पाटी समोरच्या फुटपाथवरच्या माणसाला दिसते, रस्त्याने सरळ जाणाऱ्याला नाही. त्याच्यासाठी भिंतीतून बाहेर आलेली, दोन्ही बाजूंनी दिसणारी दोन फूट बाय दोन फुटांची आडवी पाटी लावा. तिच्यावर फक्त खूण हवी, नावसुद्धा नको. तिची खालची कड जमिनीपासून निदान आठ फूट वर ठेवा. लावण्याआधी महानगरपालिकेत परवानगीची चौकशी करा. अतिक्रमणाची गाडी येते तेव्हा पहिल्यांदा हीच पाटी काढली जाते.

पाटीवरच्या मराठीबद्दल कायदा स्पष्ट आहे. दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही देवनागरी पाटी सक्तीची आहे. मराठी अक्षरं आधी यायला हवीत आणि इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. इंग्रजी नाव मोठं आणि खाली बारीक मराठी अशी पाटी केली असेल तर ती आज ना उद्या बदलावी लागणारच.

अक्षर

डिझायनरकडे गेलात की तो शंभर फॉन्ट दाखवेल. मुक्ता किंवा बलू घ्या. दोन्ही फुकट आहेत, व्यावसायिक कामाला चालतात आणि त्यांची जाड रूपं लांबूनही भरीव दिसतात. निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का ते पाहा. बऱ्याच फॉन्टमध्ये ते आपोआप हिंदी वळणाचे येतात, आणि आपल्या वाचकाला पाटी कुठूनतरी आणलेली वाटते.

फाईल कोरल ड्रॉमध्ये (छपाईवाल्याच्या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये) गेली की आणखी एक घोळ होतो. जुन्या आवृत्तीत युनिकोड मराठी तुटते. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरं सुटतात, ‘कचोर्‍या’ऐवजी भलताच रफार डोक्यावर चढतो आणि ‘पुऱ्या’ची ‘पुर्या’ होते. छपाईवाला हे वाचत नाही, त्याला फाईल म्हणजे चित्र. म्हणून अक्षरं आधी कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून घ्या, प्रिंट काढून दोन माणसांकडून मोठ्याने वाचून घ्या, मगच छापायला सांगा.

रंग

लाल-पिवळ्याने भूक लागते असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. त्यावर फार विसंबू नका. हे दोन रंग लांबून लवकर दिसतात, एवढं मात्र खरं. पण शेजारच्या पाचही गाड्यांवर तेच रंग असतील तर तुमची सहावी गाडी त्यात मिसळून जाते. आधी आपल्या दुकानाच्या दोन्ही बाजूंचे शंभर-शंभर मीटर मोबाईलवर टिपून घ्या आणि तिथे नसलेली जोडी निवडा.

‘चटका’साठी वांगी रंगावर हळदी पिवळा, ही जोडी चांगली बसते. हळदीच्या पेठेत हळदी रंगाला वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही, आणि गडदावर पिवळा रात्री उठून दिसतो. छपाईचे आकडे (निळसर, मॅजेन्टा, पिवळी, काळी या चार शायांचे टक्के, याच क्रमाने): पिवळा ०-३०-१००-०, वांगी ७०-१००-३०-४०. ‘थोडा डार्क करा’ असं तोंडी सांगू नका, हे आकडे कागदावर लिहून द्या. तरीही एकच फाईल दोन फ्लेक्सवाल्यांकडे दोन रंगांत निघते, कारण मशीन आणि शाई वेगळी असते. एक फूट बाय एक फुटाचा नमुना आधी काढून घ्या. तो दुपारी बाराच्या उन्हात बघा आणि रात्री दुकानातल्या दिव्याखालीही बघा.

छापलेला रंग उन्हात उतरतो. लाल हा मॅजेन्टा आणि पिवळ्या शाईतून बनतो, दोन्ही शाया सारख्या टिकत नाहीत, म्हणून पश्चिमेकडे तोंड असलेली लाल पाटी दोन उन्हाळ्यांत गुलाबी पडते. जिथे सपाट रंग हवा तिथे छापू नका, त्या रंगाचं व्हिनाइल कापून चिकटवा किंवा रंगीत एसीपी शीटच (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेली) वापरा. खर्च जास्त आहे, पण वळिवाच्या वाऱ्यात फ्लेक्स फाटून लोंबतो तेव्हा तो वसूल झालेला असतो.

पाटी आणि तिचा दिवा

सांगाडा एक इंची चौकोनी लोखंडी पाईपचा, त्यावर ३ मिलिमीटरची एसीपी, त्यावर उठावदार, डब्यासारखी पोकळ ॲक्रिलिक अक्षरं आणि आत एलईडी मॉड्यूल (दिव्यांचे छोटे ठोकळे). कोटेशन घेताना इथलं काही सुटू देऊ नका.

अक्षराच्या डब्याची खोली तीन इंच ठेवा आणि दोन मॉड्यूलमधलं अंतर त्याहून जास्त नको. डबा उथळ आणि मॉड्यूल विरळ असले की अक्षराच्या तोंडावर ठिपके दिसतात. मॉड्यूल वाचवण्यासाठी अंतर वाढवणं ही नेहमीची चलाखी आहे, त्यामुळे कोटेशनमध्ये मॉड्यूलची संख्या लिहून मागा.

१२ व्होल्टचा २०० वॅटचा एसएमपीएस (मॉड्यूलना वीज पुरवणारा डबा) असेल तर त्यावर १६० वॅटच्या वर भार टाकू नका. दीड वॅटचं मॉड्यूल धरलं तर हे शंभर मॉड्यूल झाले. सगळी एकाच माळेत जोडली की शेवटची मंद लागतात, कारण बारीक तारेत व्होल्टेज पडतं. वीस-वीसच्या माळा करून प्रत्येकीला एसएमपीएसपासून वेगळी तार द्या. एसएमपीएस पाटीच्या आत कोंबू नका, उष्णतेने जातो. हवेशीर पण पाऊस न लागणाऱ्या जागी, वर बसवा. मारुती रोड किंवा गणपती पेठेसारख्या नदीच्या बाजूच्या भागात दुकान असेल तर वायरिंगचे सगळे जोड छताजवळ घ्या. २०१९च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजारी बोट लावून दाखवतील.

दुकानात आतला उजेड वेगळा हवा. पाटीला पांढरा चालेल, पण काउंटरच्या काचेत ६५०० केल्विनचा (निळसर छटेचा) पांढरा ट्यूबलाईट लावला की गरम वडा राखाडी आणि शिळा दिसतो. तिथे ३००० केल्विनचा (पिवळसर), ९० किंवा जास्त सीआरआय (रंग खरे दाखवण्याचं माप) असलेला दिवा लावा. तर्रीचा लाल आणि बेसनाचा सोनेरी रंग त्यात जसाच्या तसा येतो. सगळ्या यादीत सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त उपयोगी बदल हाच आहे, आणि बहुतेक जण नेमका तोच करत नाहीत.

मेनू बोर्ड

चेनचा मेनू वाचायला कमी आणि बोट दाखवायला जास्त असतो. बोर्डावर बारा पदार्थांच्या वर जाऊ नका. बाकीचे काउंटरवरच्या छापील कार्डावर. ज्यात तुमचे चार पैसे जास्त सुटतात तो पदार्थ किंवा जोडी (वडापाव, ताक, असं) फोटोसकट वर घ्या. फोटो तीनच ठेवा. सगळ्यांचे फोटो लावले की डोळा कुठेच थांबत नाही.

फोटो स्वतःच्या मालाचा काढा. नेटवरची मिसळ फरसाणाने भरलेली, तुमची वाटी वेगळी, आणि गिऱ्हाईक ते तोंडावर बोलून दाखवतं. सकाळी दहा-अकराला खिडकीशेजारी ताट ठेवा, उजेड एका बाजूने येऊ द्या, फ्लॅश बंद. तर्री ओतल्यावर दोन मिनिटांत फोटो झाला पाहिजे, नंतर वर साय धरते आणि फरसाण बसतं.

किमती बोर्डावर छापू नका. तेलाचा भाव वाढला की ‘२०’वर ‘२५’ची पट्टी येते आणि सगळ्या दुकानाची कळा जाते. किमतीचे आकडे वेगळे, चुंबकाचे किंवा सरकवायच्या पट्टीचे घ्या. एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी क्रमांक दर्शनी ठिकाणी लावायचाच असतो. तो मेनूच्या खालच्या पट्टीत, त्याच अक्षरात बसवा. कडेला सेलोटेपने चिकटवलेला झेरॉक्स कागद मेहनतीने केलेल्या भिंतीवर ठिगळासारखा दिसतो.

पिशवी, एप्रन, फोन

दुकानाबाहेर जाते ती पाटी म्हणजे पिशवी. वर्तमानपत्रात वडा बांधायला बंदी आहे, तेव्हा कागद घ्यायचाच आहे. सुरुवातीला छापील बटर पेपरच्या मागे लागू नका, छपाईवाला मोठी ऑर्डर मागतो. साध्या तपकिरी पिशव्या घ्या आणि ५० मिलिमीटरचे गोल स्टिकर लावा. १२ बाय १८ इंचांच्या शीटवर, मध्ये ४ मिलिमीटर सोडून, असे ४० बसतात. स्टिकर पिशवीवर लावा, गरम पुडक्यावर नाही. वाफेने डिंक सुटतो आणि खूण गिऱ्हाइकाच्या बोटाला चिकटते.

एप्रन वांगी रंगाचा, पांढरा मुळीच नको. हळद आणि बेसन चार दिवसांत त्याची पार रया घालवतात. माणशी तीन एप्रन हवेत: एक अंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. टोपी पिवळी.

घरपोच ॲपवर तुमची पाटी नखाएवढी होते. खूण फोनवर एक सेंटिमीटर करून बघा. ओळखू येत नसेल तर आणखी एक रेघ कमी करा.

या सगळ्याची कोरल फाईल, पीडीएफ आणि पारदर्शक पार्श्वभूमीचं चित्र स्वतःच्या ईमेलवर ठेवा. रंगांचे आकडे आणि फॉन्टचं नावही त्यात लिहा. पैसे देतानाच ते मागून घ्या. डिझायनर पुण्याला निघून गेला की दुसऱ्या शाखेची पाटी फोटोवरून उतरवून काढली जाते आणि तिथून दोन दुकानं दोन दिशांना जातात. नाव टिकवायचं असेल तर ट्रेडमार्कचा अर्ज वर्ग ४३मध्ये करा. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाईन फी ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं चालते. ‘गरम वडापाव’सारख्या, मालाचं नुसतं वर्णन करणाऱ्या नावाला ती सहसा मिळत नाही. पिवळ्या कमानीचा ‘म’ करायचा मोह मात्र आवरा, नोटीस येते.

ऊस हंगामात ट्रॉल्यांची धूळ बसते, तेव्हा दर पंधरा दिवसांनी पाटी ओल्या फडक्याने पुसा. गडद एसीपीवर धूळ लगेच दिसते. गल्ल्याखालच्या खणात दहा जादा मॉड्यूल आणि एक एसएमपीएस ठेवा. रात्री ‘च’ विझला की रस्त्यावरून नुसता ‘टका’ वाचला जातो, आणि दुकानात आत बसलेल्याला ते आठवडाभर कळत नाही. म्हणून रोज दिवा लावल्यावर एका पोराला रस्त्यापलीकडे पाठवून पाटी वाचायला सांगा.